पुलाच्या केबलची तार: ताकद वाढवताना घोडं अडतं कुठे?

तारेवरची_कसरत (धागाकर्ता)

झुलत्या पुलांच्या धाग्यांवर चर्चा नेहमी मनोऱ्यांची उंची आणि गाळ्याची (दोन मनोऱ्यांमधल्या अंतराची) लांबी यांवर होते. ज्या तारेवर हे सगळं लटकतं तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

१८८३ साली ब्रुकलिन पूल झाला, तेव्हा केबलमध्ये पोलादाची जस्त चढवलेली तार वापरली. तिची ताकद साधारण ११०० मेगापास्कल, म्हणजे तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११० किलो पेलणारी. विसाव्या शतकात हा आकडा हळूहळू १५५०-१६०० पर्यंत आला आणि तिथेच कित्येक दशकं रुतून बसला. १९९८ साली उघडलेल्या जपानच्या आकाशी काइक्यो पुलासाठी १८०० मेगापास्कलची तार मुद्दाम विकसित केली गेली. त्यानंतर मात्र गाडी सुटली. वुहानचा यांगसिगांग पूल (२०१९) आणि तुर्कस्तानचा १९१५ चनाक्कले पूल (२०२२) यांच्या केबलमध्ये १९६० मेगापास्कलची तार आहे.

खटाटोप कशासाठी, तर केबलला आधी स्वतःचंच वजन पेलावं लागतं. १५७० ची तार सरळ खाली लोंबत सोडली, तर साधारण २० किलोमीटर लांबीला ती स्वतःच्या वजनाने तुटेल. १९६० ची तार २५ किलोमीटरपर्यंत टिकेल. गाळा जितका लांब, तितका केबलच्या ताकदीचा मोठा हिस्सा केबललाच धरून ठेवण्यात खर्च होतो. आकाशीचा मधला गाळा १९९१ मीटर. जुनी तार आणि जुना सुरक्षा गुणांक (केबलची ताकद तिच्यावरच्या भाराच्या किती पट हवी तो आकडा) धरला असता, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार मुख्य केबल लागल्या असत्या. नव्या तारेमुळे, आणि गुणांक २.५ वरून २.२ वर आणल्यामुळे, एकेका केबलवर भागलं. त्यातली प्रत्येक केबल १.१२ मीटर जाड आणि तिच्यात ५.२३ मिमीच्या ३६,८३० तारा. अशी एक तार एकटी जवळपास चार टन उचलते.

(अवांतर: गाळा आधी १९९० मीटरचा आखला होता. १९९५ च्या कोबे भूकंपाने मनोरे सरकले आणि गाळा जवळजवळ मीटरभर लांबला. केबल तेव्हा आधीच ओढून झाल्या होत्या.)

जाणकारांनी भर घालावी.

शंकेखोर

मस्त धागा. आता माझी बाळबोध शंका. टायरच्या आत जी पोलादी तार असते, ती ३०००-४००० मेगापास्कलची असते म्हणतात. पोलाद तर दोन्हीकडे जवळपास सारखंच, जास्त कार्बनचं. मग पुलाची तार १९६० ला गेली याचं एवढं कौतुक का? आणखी ओढायची, झालं!

पिळदार

शंका अजिबात बाळबोध नाही. मी तारेच्या कारखान्यात काम करतो, नव्याने आलेला प्रत्येक इंजिनिअर पहिल्या आठवड्यात हेच विचारतो.

आधी तार होते कशी ते बघा. गरम लाटलेला रॉड येतो, १२ मिमीच्या आसपास जाडीचा. तो नऊशे अंशांच्या वर तापवून एकदम पाचशे-साडेपाचशे अंशांच्या वितळलेल्या शिशात नेतात. याला पेटंटिंग म्हणतात, एकोणिसाव्या शतकातली युक्ती आहे आणि अजून तिला मात देणारं काही आलेलं नाही. शिसं उष्णता झपाट्याने ओढून घेतं, पण ठरावीक तापमानाखाली जाऊ देत नाही. त्यामुळे पोलादात बारीक पर्लाइट तयार होतो. म्हणजे मऊ फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) आणि कडक सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) यांचे एकाआड एक थर, दोन थरांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात. मग तो रॉड ॲसिडमध्ये साफ करून, वंगण धरून राहावं म्हणून फॉस्फेट देऊन, एकामागून एक डायमधून (लहान होत जाणाऱ्या भोकांच्या साच्यांतून) थंडच ओढतात. प्रत्येक डायमध्ये तार बारीक होते, थर तारेच्या दिशेने वळतात आणि आणखी जवळ येतात. ताकद येते ती इथे.

आता टायरची तार. ती शेवटी ०.२ मिमीच्या आसपास असते. मध्ये पुन्हा पेटंटिंग करून तिला प्रचंड ओढता येतं. पुलाची तार पाच-सहा मिमी जाड राहायला हवी. १२ मिमीवरून ५.२ वर आलात की क्षेत्रफळ ८० टक्क्यांनी घटलं, आणि तिथेच थांबायचं. आणखी ओढायची तर सुरुवातीचा रॉड अधिक जाड हवा. पण जाड रॉड शिशात बुडवला की बाहेरचा भाग पटकन थंड होतो आणि गाभा मागे राहतो. गाभ्यातले थर जाडेभरडे होतात. शिवाय जाड तार ओढताना जी उष्णता होते ती आत कोंडून राहते, तार ठिसूळ होते.

ओढत गेलं की ताण चाचणीत आकडा वाढताना दिसतो, हे खरं. पण त्याच तारेचा तुकडा पीळ चाचणीला लावा. तुकड्याची मोजलेली लांबी व्यासाच्या शंभरपट असते. एक टोक घट्ट धरायचं आणि दुसरं फिरवायचं. चांगली तार शांतपणे पीळ घेत जाते, पृष्ठभागावरच्या रेघांचा मळसूत्रासारखा आटा दिसायला लागतो, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर ती आडवी, सपाट तुटते. जास्त ओढलेली तार पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच 'टक्' करते आणि तिला उभी चीर जाते, बांबू चिरावा तशी. यंत्रावरच्या काट्यावर टॉर्क एकदम कोसळतो. मग ताण चाचणीत ती २१०० दाखवो नाहीतर २२००, कॉइल (तारेचं अख्खं वेटोळं) बाद.

शंकेखोर

पण पुलावर तारेला कोण पिळायला जातंय?

सेतूबंध

पिळायला कोणी जात नाही, पण तार वाकते. मनोऱ्याच्या माथ्यावर केबल ज्या खोबणीत टेकते त्या सॅडलवर वाकते, आणि अँकरेजमध्ये, म्हणजे केबलचं टोक जमिनीत जखडतात तिथे, स्ट्रँड शू नावाच्या वळणदार आधाराभोवती तर चांगलीच वाकते. वर केबलभोवती आवळलेल्या पट्ट्यांचा आडवा दाब येतो. उभी चीर जाऊ शकणारी तार अशा जागी कशी वागेल याची पीळ चाचणी ही सगळ्यात कडक पूर्वसूचना आहे.

याचा धडा १९२९ सालीच मिळालाय. अमेरिकेत माउंट होप आणि अँबॅसडर हे दोन पूल एकाच वेळी होत होते. दोन्हीकडे नेहमीच्या थंड ओढलेल्या तारेऐवजी उष्णोपचार केलेली तार घेतली होती. कागदावर ती सरस होती, यील्डचा (तार कायमची ताणली जायला लागते त्या ताणाचा) आकडा जास्त. केबल विणून झाल्या आणि अँकरेजपाशी, नेमक्या शूच्या वळणावर, तारा तुटलेल्या सापडायला लागल्या. दोन्ही पुलांच्या केबल उतरवल्या आणि थंड ओढलेली तार घालून पुन्हा विणल्या. तयार होत आलेल्या पुलाच्या केबल उतरवायच्या म्हणजे काय, हे साइटवर काम केलेल्यालाच कळेल.

वाचनमात्र

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पिळदार

@शंकेखोर, पण अजून अर्धीच गोष्ट झाली. खरी गोची ओढून झाल्यावर आहे.

इतकी मेहनत करून ओढलेली तार आपण नेतो आणि ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतो! जस्ताशिवाय पुलावर चालणार नाही, आणि जस्तात बुडवलं की कमावलेल्या ताकदीतला काही भाग तिथेच सोडावा लागतो. ४५० अंशांना सिमेंटाइटचे पातळ ताणलेले पापुद्रे तुटतात आणि त्यांचे गोळे व्हायला लागतात. थर मोडले की ताकद गेली. तार जितकी जास्त ओढलेली, तितकं हे लवकर होतं. म्हणून ओढलेल्या तारेचा आकडा कोणी सांगितला की मी विचारतो, जस्ताच्या भांड्यातून बाहेर आल्यावर किती?

आकाशीच्या तारेचं मर्म इथेच आहे. जपानी कंपन्यांनी केवळ जास्त ओढण्याचा मार्ग धरला नाही. कार्बन थोडा वाढवला आणि सिलिकॉन पाव टक्क्याच्या आसपास असायचं ते एक टक्क्याच्या जवळ नेलं. सिलिकॉनला सिमेंटाइटमध्ये जागा नसते. ते फेराइटमध्ये ढकललं जातं आणि दोन थरांच्या सीमेवर दाटी करतं. सिमेंटाइटला गोळा व्हायचं तर ही दाटी हटायला हवी, आणि जस्ताच्या भांड्यात तार असते ती थोडाच वेळ. त्यामुळे थर टिकतात. शिवाय फेराइट स्वतःही सिलिकॉनने थोडा बळकट होतो. भांड्यात घट कमी, म्हणून आधी अतिरेकी ओढायची गरजही कमी, म्हणून पीळही टिकतो.

क्रोमियमचं काम वेगळं. ते थरांमधलं अंतर मुळातच बारीक करतं आणि सिमेंटाइट स्थिर ठेवतं. पण क्रोमियम जास्त झालं की पेटंटिंगला वेळ लागतो. शिशातून बाहेर पडेपर्यंत रूपांतर पुरं झालं नाही, तर उरलेल्या भागाचा मार्टेन्साइट (पोलादाचं कडक पण ठिसूळ रूप) होतो आणि तार डायमध्येच तुटते. पाळीत एकदा असा लॉट आला की मशीनवरचा माणूस दिवसभर टोकं जोडत बसतो आणि सगळ्यांच्या नावाने बोटं मोडतो.

तारेवरची_कसरत

मग कार्बनच का वाढवत नाहीत? ०.८ टक्क्यांवरून १.० केला की सिमेंटाइट जास्त, ताकद जास्त.

पिळदार

वाढवतात, १९६० मेगापास्कलच्या पुढचा सगळा खेळ ०.९ ते १.० कार्बनवरच आहे. पण ०.८ च्या जरा पुढे गेलं की जादा सिमेंटाइट पर्लाइटच्या आधी सुटतं आणि कणांच्या सीमांवर जाळ्यासारखं बसतं. हे जाळं ठिसूळ, ओढताना तिथूनच तडा जातो. ते टाळायचं तर रॉड भराभर थंड व्हायला हवा. सिलिकॉन इथेही मदतीला येतं, जाळं धरू देत नाही. दुसरी अडचण ओतकामातली. कार्बन जास्त असला की बिलेटच्या (ज्यातून रॉड लाटतात त्या ओतीव पोलादी ठोकळ्याच्या) मध्यभागी तो आणि मँगनीज गोळा होतात, आणि तीच रेघ रॉडच्या गाभ्यात शेवटपर्यंत राहते. तारेच्या कारखान्यात तिचं काहीच करता येत नाही. ताकदीच्या तारेचं निम्मं श्रेय स्टील प्लँटचं आहे, हे आमच्या लोकांना फारसं आवडत नाही.

गंजोबा

सिलिकॉनचं इतकं गुणगान चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. गॅल्व्हनायझिंगवाल्यांना सिलिकॉन म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. पोलादात सिलिकॉन असलं की लोखंड आणि जस्त यांची अभिक्रिया भडकते, मिश्रधातूचा थर भसाभस वाढतो. त्याला सँडेलिन परिणाम म्हणतात. तो ०.०३ ते ०.१२ टक्क्यांमध्ये एकदा उसळतो, मग थोडा निवतो आणि पाव टक्क्याच्या पुढे पुन्हा वाढत जातो. एक टक्क्याची तार म्हणजे आगीशी खेळच. लोखंड-जस्ताचा हा थर ठिसूळ असतो. जाड झाला तर तार वाकवताना मुलाम्याचे टवके उडतात. म्हणून भांड्याचं तापमान आणि तार आत राहण्याचा वेळ या दोन्हींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. नेहमीचा मुलामा चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या घरात हवा, तोही घट्ट चिकटलेला आणि सगळीकडून सारखा.

हल्ली शुद्ध जस्ताऐवजी जस्त-ॲल्युमिनिअमचा मुलामा येतोय. जेवढ्यास तेवढा मुलामा असला तरी तो जस्तापेक्षा बराच सावकाश खर्च होतो. पण बुडवण्याआधी पृष्ठभाग साफ राहावा म्हणून लावतात तो नेहमीचा क्लोराइड फ्लक्स ॲल्युमिनिअमबरोबर नांदत नाही, उघडे डाग राहतात. म्हणून आधी साध्या जस्तात आणि मग जस्त-ॲल्युमिनिअमच्या भांड्यात, अशी दोनदा बुडी. दुसरी बुडी म्हणजे पुन्हा उष्णता, म्हणजे पुन्हा पिळदार यांचे सिमेंटाइटचे गोळे.

पिळदार

@गंजोबा, शंभर टक्के सहमत. दुसऱ्या भांड्यानेच आमची झोप उडवलीय.

कुतूहल

जाता जाता, जस्त हवंच का? केबलवर रंग असतो, वरून तार गुंडाळलेली असते. आत पाणी जातं कुठून?

गंजोबा

हा विचार न्यूयॉर्कमध्ये करून झालाय. विल्यम्सबर्ग पूल, १९०३. ब्रुकलिनच्या तारेला जस्त होतं, वीस वर्षांनी बांधलेल्या या पुलाच्या तारेला मात्र नाही. गंज चढत गेला आणि शतक संपता संपता केबल पाचरी मारून उघडणं, तेल भरणं आणि नव्याने गुंडाळणं असे उद्योग करावे लागले.

पाणी जातंच. जोडांतून जातं, रंगाच्या भेगांतून जातं, आणि आतल्या हवेतल्या दमटपणाचं रात्री दव होतं. हजारो गोल तारा एकमेकींना चिकटून असल्या तरी मध्ये जवळपास पाचवा हिस्सा पोकळी राहते. आत गेलेलं पाणी खाली ओघळून सगळ्यात सखल भागात साचतं.

पण जस्त आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्कॉटलंडचा फोर्थ रोड पूल १९६४ चा, तार जस्त चढवलेली. २००४ मध्ये केबल पहिल्यांदा आतून तपासायला उघडली, तर तुटलेल्या तारा निघाल्या. ताकद ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आला. केबल उघडली की बाहेरच्या तारा पांढऱ्या भुकटीने माखलेल्या दिसतात, ते जस्त संपत चालल्याचं लक्षण. त्याखाली तपकिरी डाग, म्हणजे पोलादाची पाळी आली. आणि खरी धास्ती हायड्रोजनची. जस्त गंजताना हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो, आणि ताणाखालच्या तारेत लहानशा खड्ड्यातून तडा सुरू होतो. तार जितकी बळकट, तितकी ती हायड्रोजनला जास्त बळी पडते. म्हणून ताकद वाढवण्याच्या शर्यतीकडे मी जरा संशयाने बघतो.

उपाय म्हणून फोर्थमध्ये केबलच्या आत कोरडी हवा सोडायला सुरुवात केली. आकाशीत ही सोय पहिल्यापासून आहे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवली की गंज जवळपास थांबतो.

शंकेखोर

म्हणजे १९६० ची तार १५७० पेक्षा धोकादायक म्हणायची?

सेतूबंध

तसं म्हणणार नाही. तारेचा विचार सुटा करू नये. केबलमध्ये एक तार तुटली तर तिचा भार शेजारणींवर जातो, आणि पट्ट्यांच्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने तुटलेली तार थोड्या अंतरावर पुन्हा भार घ्यायला लागते. ही सोय नसली की काय होतं ते अमेरिकेतल्या सिल्व्हर ब्रिजने दाखवलं. तिथे केबलऐवजी पोलादी पट्ट्यांची साखळी होती, प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. १५ डिसेंबर १९६७ ला एका पट्टीच्या डोळ्यातला (टोकाच्या जोडाच्या भोकापाशी असलेला) बारीक तडा फुटला आणि सगळा पूल नदीत गेला. ४६ माणसं मेली. पट्टीचं पोलादही त्या काळच्या मानाने बळकटच होतं.

ब्रुकलिनची गोष्ट तर याहून बोलकी. तारेचा कंत्राटदार तपासणीत पास झालेली कॉइल वाटेत बदलून बाद झालेली पुलावर पाठवायचा. १८७८ मध्ये लबाडी उघडी पडली, पण तोवर बरीच खराब तार केबलमध्ये विणली गेली होती. पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याने हिशेब केला. सुरक्षा गुणांक सहाचा धरला होता, खराब तारेमुळे तो पाचवर येत होता. त्याने प्रत्येक केबलमध्ये १५० च्या आसपास जादा तारा घातल्या आणि खराब तार तशीच राहू दिली. ती आजही तिथेच आहे.

आता हे आकाशीच्या २.२ च्या गुणांकाशी ताडून बघा. सहाच्या गुणांकात लबाडीसुद्धा पचली. २.२ मध्ये पचणार नाही. बळकट तार वापरून केबल बारीक केली की तपासणी, कोरडी हवा, जोडांची कसोटी यांतलं काहीच ढिलं ठेवून चालत नाही. माझा आक्षेप तारेला नाही, तार बळकट आहे म्हणून गुणांकही कमी करू या, या एकत्र घेतलेल्या सुटीला आहे.

तारेवरची_कसरत

@सेतूबंध, इथे थोडं असहमत. गुणांक कमी झाला तो केवळ तारेच्या भरवशावर नाही. लांब गाळ्यात केबलवरचा बहुतेक भार पुलाच्या स्वतःच्या वजनाचा, म्हणजे नेमका मोजता येणारा. वाहनांचा अनिश्चित भार त्यामानाने किरकोळ. ब्रुकलिनच्या काळी वारा आणि वाहतूक दोन्ही अंदाजपंचे होते, म्हणून सहा.

सेतूबंध

भाराची अनिश्चितता कमी झाली हे मान्य. गंजाची कुठे झाली? ती तर केबलच्या आत, डोळ्याआड आहे.

कुतूहल

कार्बन फायबर का नको? गंज नाही, वजन नाही.

सेतूबंध

लांबीच्या दिशेने अफाट आहे. पण आडवा दाब सोसत नाही, आणि झुलत्या पुलाच्या केबलला सॅडल आणि पट्ट्यांखाली तोच सोसायचा असतो. टोकं पकडायचीही मारामार. वर किंमत. तिरप्या केबलच्या काही छोट्या पुलांवर प्रयोग झालेत, मुख्य केबलसाठी अजून पोलादच.

शंकेखोर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. जुन्या पुलाची केबल खराब झाली, तर ती काढून त्याच जागी १९६० ची बारीक केबल घालता येईल का? वजनही वाचेल.

सेतूबंध

केबल बदलता येते. फ्रान्समधल्या तांकारव्हील पुलाच्या केबल १९९० च्या दशकात बदलल्या. अशा कामात नवी केबल जुनीच्या शेजारून ओढतात, मग रस्ता धरून ठेवणारी एकेक लोंबती दोरी जुनीवरून सोडवून नवीवर घेतात. लिस्बनच्या २५ एप्रिल पुलावर १९९९ मध्ये रेल्वे सुरू करताना जुन्या केबल राहू देऊन वरून आणखी एक जोडी घातली.

बारीक केबलचं म्हणाल तर तिच्यात ताण वाढतो, म्हणजे ती जास्त ताणली जाते. पोलादाची ताकद वाढली तरी ताठरपणा तोच राहतो, २०० गिगापास्कलच्या आसपास. त्यामुळे मधला भाग खाली येतो आणि रस्त्याचा उतार बदलतो. नवी केबल कारखान्यातच नेमकी आखूड कापून हे सावरता येतं. पण वाहनं आल्यावरचं झुकणं वाढतं, ते कापून सावरता येत नाही. शिवाय जुनं सॅडल जुन्या जाडीचं, त्यात बारीक केबल सैल बसते, म्हणजे सॅडलही बदला. मी असतो तर १९६० ची तार घेतली असती, पण केबलची जाडी जुनीच ठेवली असती.

पिळदार

आणि तपासणीला मला बोलावलं असतंत, तर प्रत्येक कॉइलच्या दोन्ही टोकांचा पीळ घेतला असता. टोकं वेगवेगळी वागतात. भांडं सुरू करताना तार जरा जास्त वेळ आत राहते ना, ते टोक हमखास कमी पीळ घेतं.